बत्तीशीकाकांची गुलाबी बोट

बत्तीशीकाकांशी बोलायला बसलं की एक पंचाईत व्हायची. तुम्ही त्यांच्या डोळ्यांत बघून बोलताय आणि ते तुमच्या तोंडात बघून ऐकताहेत. तुम्ही आपली बदली, आजारपण, शेजाऱ्याशी झालेली हमरीतुमरी असं काहीबाही रंगवून सांगावं, काकांनी मान डोलवत सगळं ऐकून घ्यावं आणि शेवटी विचारावं, "खालची उजवी दाढ कधी काढलीत?" बँकेतल्या मॅनेजरबाईंना त्यांनी एकदा असं विचारलं, तेव्हापासून त्या काकांशी तोंडावर रुमाल धरूनच बोलतात. माणूस वाईट नव्हता हो. धंदाच तसा होता.

धंदा कवळ्यांचा. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घ्यायचे आणि काकांकडे पाठवायचे. त्या मापावरून काका दात तयार करून द्यायचे. चष्म्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टर कालवायचं, आतल्या खोलीत मेणाचं काम. खिडकीशी लांबलचक टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, कोरायच्या सुऱ्या, गुलाबी मेणाचे पत्रे, कडेला पॉलिशचं चाक. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकायचा. काकांना मात्र ती सगळी घरची मंडळी. रस्त्यात कोणी हाक मारली तर काका गोंधळून बघत राहायचे, आणि तो माणूस हसला रे हसला की, "अरे, तुम्ही होय!" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारायचे.

तर असा हा हसतमुख, खाऊनपिऊन सुखी माणूस. त्यांना आयुष्यात एकच दुखणं होतं आणि ते म्हणजे एक बोट.

काकांचं म्हणणं असं, की ते चारेक वर्षांचे असताना त्यांचं घर एका बोटीत होतं. फायबरची पांढरी बोट. आत एक खोली. दोन्ही बाजूंना लाल रेक्झिनचे बाक, मधे टेबल. रात्री ते टेबल खाली जायचं आणि त्याचा पलंग व्हायचा. हात धुवायच्या भांड्यावर झाकण. समोरच्या काचा पुढे झुकलेल्या. "खालचा जबडा मागे आणि कपाळ पुढे, असा चेहरा होता तिचा," काका सांगायचे. सगळ्या भिंती गुळगुळीत, कोपरे गोल, कुठे काही लागायचं नाही, टोचायचं नाही. आणि छताला एक गोल झाकण.

इथवरची गोष्ट काकांनी साऱ्या जगाला सांगितली होती. पुढची कोणालाही नाही, अगदी काकूंनाही नाही. ती अशी, की रोज सकाळी बाबा त्यांना काखेत धरून त्या झाकणातून वर काढायचे. अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. तोंडावर गार वारा, बरगड्यांना बाबांचे हात, आणि खालून आवाज यायचा, "कप्तान, कोणी येतंय का?" मग कप्तानाने इकडे तिकडे बघायचं आणि ओरडायचं, "कोणी नाही!"

बाबा त्यानंतर वर्षाच्या आतच गेले. त्यांचा चेहरा काकांना आठवत नव्हता, तो फोटोत होता तेवढाच. आठवत होते ते दोन हात आणि ते एक वाक्य. काकांचं गणित सरळ होतं. बोट खरी असेल तर बाबा खरे. बोट मनाने रचलेली असेल तर ते हातही रचलेले, तो आवाजही रचलेला, आणि मग आपल्याकडे बाबा म्हणून काही उरतच नाही. बोटीवरून लोक हसले तर हसू देत, पण त्या वाक्यावरून कोणी हसलेलं त्यांना सोसलं नसतं. म्हणून ते त्यांनी जिभेखाली दाबून ठेवलं होतं.

आणि हसायचे हो सगळे! मावशीने लहानपणीच 'थापाड्या' नाव ठेवलं होतं. त्याचं कारण म्हणजे काकांची आई, म्हणजे आजी. ही एकच साक्षीदार शिल्लक होती आणि तिने साफ कानांवर हात ठेवले होते.

"कसली बोट नि कसलं काय! तुला लहानपणी ताप फार यायचा. तापात दिसलं असेल काहीतरी."

"अगं आई, लाल बाक होते..."

"ताप डोक्यात गेला की लालच दिसतं."

आणि काकांनी फारच लावून धरलं, की आजी शांतपणे तोंडात हात घालायच्या, कवळी काढायच्या, वाटीतल्या पाण्यात सोडायच्या आणि गाल आत ओढून खिडकीबाहेर बघत बसायच्या. बोलणं संपलं. ती कवळी काकांनी स्वतःच्या हाताने, महिनाभर जीव ओतून केलेली. आजींना ती इतकी छान बसली होती की त्या तिच्याने ऊसही सोलतील असं काकू म्हणायच्या. एवढ्या कष्टाने आईला दात द्यावेत, आणि तिने ते आपल्याशी न बोलण्यासाठी वापरावेत! काका चिडून लाल व्हायचे आणि अर्ध्या तासाने तिच्यासाठी चहा टाकायचे.

साठी जवळ आली तसं काकांच्या मनाने घेतलं, की आता ती बोट शोधायचीच. चित्र काढायला जमत नव्हतं, पण मेण हातातलं होतं. प्लास्टर सुकेपर्यंत जो वेळ मिळायचा त्यात त्यांनी बोट कोरायला घेतली. आतून बाहेर. आधी बाक, टेबल, झाकणाचं भांडं, आणि मग त्याला घट्ट बसेल असं बाहेरचं अंग, हिरडीवर कवळी बसवतात तसं. हाताला जी सवय तेच हात करणार! पुढच्या काचा, गोल कोपऱ्यांच्या खिडक्या, छतावरचं झाकण, सगळं झकास उतरलं. फक्त रंग हिरड्यांचा आणि एकंदर घाट जबड्याचा. डॉक्टरांचा माणूस तयार काम न्यायला आला. त्याने ती बोट उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "काका, हे कोणाच्या तोंडात बसवायचंय?"

काकूंनी फोनवर जुन्या बोटींच्या शौकिनांचा एक ग्रूप शोधून काढला आणि त्यावर गुलाबी बोटीचे फोटो टाकले. पहिलं उत्तर आलं, "हिला दात कधी येणार?" दुसरं, "हे जहाज आहे की आमच्या सासूबाई?" काकूंनी ती उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, आणि मग काकांचा चेहरा बघून म्हणाल्या, "अहो, येतील हो चांगलीही उत्तरं."

आली. हे शौकीन लोक म्हणजे एक नंबरचे चिकट. लांबी किती? आत उभं राहता येत होतं का? काकांनी ठासून लिहायला लावलं. बाबा उंच होते आणि आत ताठ उभे राहायचे. टेबलाभोवती आठ माणसं सहज बसतील. लांबी एका बसइतकी तरी नक्की. मग काय, मोठमोठ्या बोटींचे फोटो यायला लागले. श्रीमंतांच्या, पाहुण्यांना मिरवायच्या, दोन-दोन मजली. काका एकेक बघायचे आणि मान हलवायचे. हिचं कपाळ मागे आहे. हिला कोपरे आहेत. हिचं झाकण चौकोनी. शेवटी ग्रूपमधल्या एका जाणत्याने लिहिलं, की एवढी मोठी आणि अशा तोंडवळ्याची फायबरची बोट त्या काळात कोणी बनवलेलीच नाही, काकांची काहीतरी गफलत होतेय. त्या दिवशी काका जेवले नाहीत. आजींनी भाजी वाढून घेता घेता म्हटलं, "मी काय सांगत होते?" आणि खाली बघून जेवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी काकू वर कामाच्या खोलीत डबा द्यायला आल्या. काका स्टुलावर बसून मेणाच्या बोटीकडे बघत होते.

"अगं, मला स्पष्ट आठवतंय. मी टेबलाशी उभा आहे, आणि टेबल असं इथे." काकांनी हनुवटीखाली हात धरला.

काकू त्या हाताकडे बघत राहिल्या. "उभे असताना?"

"उभा असताना."

"आणि बाबा ताठ उभे राहायचे हे तुम्हाला कुठून दिसलं? खालून?"

"मग काय वरून?"

"अहो शहाणे!" काकूंनी डबा दाणकन ठेवला. "चार वर्षांच्या पोराच्या जबड्याचं माप घेऊन मोठ्या माणसाला कवळी बसवाल का तुम्ही?"

काका गार पडले. सगळा जन्म जसं माप येईल तसे दात करण्यात गेला. या धंद्यात काही लहानमोठं करायचं नसतं, आलं तसंच घडवायचं असतं. त्यांनी पोराने घेतलेलं माप जसंच्या तसं ठेवलं आणि त्यावर बसएवढी बोट उभी केली. आठ माणसं म्हणजे चार. ताठ उभे म्हणजे वाकून उभे. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, हाताचं प्लास्टर कपाळाला लागलं, आणि काकू पुन्हा हसायला लागल्या.

लांबी निम्म्यावर आणून फोटो पुन्हा टाकले. संध्याकाळच्या आत एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांचं उत्तर आलं. 'काका, आधीच नाही का सांगायचं! ही छोटी केबिन क्रूझर, आत खोली असलेली फिरायची बोट. पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एका कारखानदाराला हौस आली होती, त्याने काढल्या होत्या. माझ्या शेडमध्ये एक आहे. धुऊनपुसून ठेवतो, या बघायला.' सोबत फोटो होता. पुढे झुकलेल्या काचा, गोल खिडक्या, छतावर गोल झाकण. काका फोन छातीशी धरून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

रविवारी निघायचं ठरलं. काकांनी आईला विचारलं, तेही भीत भीत. आजी म्हणाल्या, "येते की. तुझं हे खूळ एकदाचं उतरलेलं बघायला येते." त्यांनी फोटो बघितला नव्हता. चष्मा सापडत नाही म्हणाल्या होत्या, आणि चष्मा त्यांच्या गळ्यातच लटकत होता.

मास्तरांची शेड तळ्याकाठी होती. पत्र्याच्या छपराखाली उपड्या होड्या, रंगाचे डबे, दोरखंडांची वेटोळी, आणि बाहेर उन्हात लाकडी ओंडक्यांवर ठेवलेली ती. पांढरी. काका गाडीतून उतरले आणि थांबले. केवढीशी होती ती! आजींनी गाडीच्या काचेतून एकदा तिच्याकडे पाहिलं, मग मान वळवली आणि म्हणाल्या, "मला ऊन सोसत नाही. मी इथेच बसते."

काका आत शिरले, आणि एका पायरीवरच त्यांना सगळं भेटलं. लाल बाक, रंग उडालेले. भांड्यावरचं झाकण. बोटांखालून घसरणारे गोल कोपरे. वर झाकण. ते कुत्र्याच्या पिल्लासारखे प्रत्येक कोपऱ्यात डोकावत होते आणि बाहेर उभ्या असलेल्या काकूंना ओरडून सांगत होते, "हे बघ! हे बघ, सांगितलं होतं की नाही?"

"आणि आता हे टेबल," काका म्हणाले, "हे खाली जातं आणि पलंग होतो."

मास्तर जरा ओशाळले. "नाही हो काका. ते नाही जात. मी घेतल्यापासून बघतोय, दाबून बघितलं, ठोकून बघितलं. पक्कं बसवलेलं आहे ते. या बोटी दिवसभर फिरायच्या, झोपायच्या नव्हेतच."

काकांनी दोन्ही हातांनी टेबल दाबलं. ते हललं नाही. सगळ्या अंगाचा भार टाकला. टेबल ढिम्म. काकू आत येऊन बाकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, कुठल्या तरी प्रदर्शनात वगैरे दाखवली असेल तुम्हाला कोणी. लहान पोरांना एकदा बघितलेलंही पुरतं. बाकीचं मन रचतं."

त्या मायेनेच बोलल्या, पण काकांनी टेबलावरचे हात काढून घेतले. बोट मिळाली, आणि बोटीत राहणं हातातून गेलं. पलंग नाही, तर रात्र नाही. रात्र नाही, तर सकाळ नाही. आणि सकाळ नाही, तर ते हात कुठले? ते बाकावर बसून टेबलावर बोटांनी रेघा ओढत राहिले.

"जेवून घेऊ या," काकू म्हणाल्या, कारण अशा वेळी दुसरं काय म्हणणार! गाडी आता उन्हात तापली होती. काकूंनी आजींना जवळजवळ दटावूनच आणलं. आजी पायरी चढल्या, वाकून आत आल्या आणि काही न बघता डाव्या बाकाच्या आतल्या टोकाला जाऊन बसल्या. मास्तर दारात उभे राहिले. काकूंनी डबा उघडला. उकडलेली अंडी, बटाटे, मीठ, आणि बाकावर चहाची बाटली. आजी पाय सरळ करायला बघत होत्या, गुडघा टेबलाला लागत होता, आणि त्या वैतागत होत्या.

"मेलं हे टेबल," त्या पुटपुटल्या. "तो डबा उचल गं जरा."

काकूंनी डबा उचलला. आजींनी गुडघ्याने टेबल खालून किंचित वर उचललं, हात खाली घातला, कसलीशी खिटी स्वतःकडे ओढली, आणि टेबल सुळकन खाली उतरून दोन्ही बाकांच्या मधे सपाट बसलं. पलंग झाला. आजींनी त्यावर पाय पसरले आणि सुस्कारा टाकला.

मग त्यांच्या लक्षात आलं.

मास्तरांचा आ वासलेला होता. काका, जन्मभर लोकांच्या तोंडात बघणारे काका, आईच्या हाताकडे बघत होते. "आई," ते म्हणाले.

आजींचा हात सवयीने तोंडाकडे गेला. कवळीपर्यंत पोहोचला. पण हात तिथेच थांबला, आणि खाली आला.

"होती," आजी म्हणाल्या. "होती बोट. अशीच होती."

मग त्यांनी सांगितलं, मधेमधे काकांवर खेकसत, कारण रडायला त्यांना आवडत नसे. खोली सोडावी लागली होती, दुसरी मिळत नव्हती. बाबा तळ्यावर बोटींची राखण करायचे. थंडीत मालक लोक यायचे नाहीत, म्हणून बाबांनी दोघांना गुपचूप आणून एका बोटीत ठेवलं. आख्खा हिवाळा. परवानगी नव्हती. "तुला वाटायचं सहल चाललीय. त्यांनीच तसं भासवलं होतं. आणि मी? मला कोणी विचारलं, कुठे राहता, की धरणीत गडप व्हावंसं वाटायचं. पुढे तू शाळेत जायला लागलास, तुझ्या तोंडाला तर कुलूप नाही. म्हणून म्हटलं, ताप. मग तेच म्हणत राहिले. पुढे पुढे वाटायचं, आता खरं सांगितलं तर हा म्हणेल, आई इतकी वर्षं लोकांना मला थापाड्या म्हणू देत होती."

"म्हणतोच आहे!" काका ओरडले, आणि रडत रडत हसले. मग छताकडे बघत त्यांनी विचारलं, "मला वर का काढायचे गं ते? त्या झाकणातून?"

"का म्हणजे? मुकादम यायचा सकाळी फेरीला. तो दिसला की स्टोव्ह विझवायचा आणि चिडीचूप बसायचं. तुझ्या बाबांना लांबचं दिसत नव्हतं. चष्मा फुटला होता, तो नवा करायचा राहिला होता. तुझे डोळे चांगले. तू बघायचास म्हणून आम्हाला सकाळचा चहा मिळायचा."

काकांनी चपला काढल्या, बाकावर चढले आणि झाकण ढकललं. ते कुरकुरत उघडलं. डोकं गेलं, एक खांदा गेला, दुसरा अडकला, काकूंनी खालून ढकलला. काका वर निघाले. तळं, पत्र्याची शेड, मास्तरांची दोरीवर वाळत घातलेली पॅन्ट, लांबवर धुळीचा रस्ता. तोंडावर वारा आला.

खालून बरगड्यांना दोन हात लागले. म्हातारे, हाडकुळे हात, त्यांच्याने काही उचललं जाणार नव्हतं. नुसते धरून होते. आणि आजींचा आवाज आला, "कप्तान, कोणी येतंय का?"

हे वाक्य काकांनी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

डोळे पुसून त्यांनी नीट बघितलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग रस्ता थेट वळणापर्यंत.

"कोणी नाही!" ते ओरडले.

"मग ये खाली," आजी म्हणाल्या. "चहा गार होतोय."